पाण्याचा दिवस आणि आजाराचा दिवस : नवी पेठेतील रहिवाशांसाठी पाण्याच्या परीक्षेचे शास्त्र

शहराच्या पिण्याच्या पाण्याची चर्चा बहुधा धरण, नदी आणि शुद्धीकरण केंद्र यांच्याभोवतीच फिरते. परंतु पाण्याची गुणवत्ता आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संबंध शोधणारे पर्यावरणशास्त्रज्ञ त्यापलीकडचे दोन प्रश्न विचारतात. शुद्धीकरण केंद्रातून निघालेले पाणी नळापर्यंत आणि नळातून पेल्यापर्यंत येताना कोणकोणत्या अवस्थांतून गेले, हा पहिला प्रश्न. आणि माणूस ज्या दिवशी आजारी पडला त्याच्या किती दिवस आधी त्याच्या पोटात दूषित पाणी गेले असावे, हा दुसरा. सोलापूरच्या नवी पेठेसारख्या दाट बाजारपेठेत, जिथे खाली दुकाने व वर घरे आहेत, नळाला काही दिवसांआड पाणी येते आणि खरेदीसाठी खेड्यापाड्यांतून आलेले गिऱ्हाईकही दुकानातलेच पाणी पिते, तिथे हे दोन प्रश्न प्रयोगशाळेपुरते मर्यादित राहत नाहीत. त्यांची उत्तरे शोधण्याची शास्त्रीय पद्धत रहिवाशांना, दुकानदारांना आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आपापल्या पातळीवर कशी वापरता येईल, हे पुढे सांगितले आहे.

सोलापूर शहराचे पाणी मुख्यतः तीन वाटांनी येते. भीमेवरील उजनी धरणातून शंभर किलोमीटरहून अधिक लांबीच्या जलवाहिनीने येणारे पाणी ही पहिली वाट. उजनीतून नदीपात्रात सोडलेले आणि पंढरपूरवरून वाहत आलेले पाणी टाकळीजवळ उपसून घेतले जाते, ही दुसरी. आणि एकोणिसाव्या शतकात बांधलेला हिप्परग्याचा एकरुख तलाव ही तिसरी. यांपैकी उजनीचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे, कारण पुणे व पिंपरी-चिंचवड या महानगरांचे सांडपाणी मुळा, मुठा, पवना आणि इंद्रायणी या नद्यांतून भीमेत व भीमेतून उजनीत येते. सांडपाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस ही वनस्पतींची पोषकद्रव्ये असल्यामुळे साठलेल्या, उन्हाने तापलेल्या पाण्यात नील-हरित शैवालाची बेसुमार वाढ होते, आणि या अवस्थेला जलाशयाचे अतिपोषण असे म्हणतात. उजनीची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी असली तरी त्यातील ६३ टीएमसीहून अधिक साठा मृतसाठा, म्हणजे धरणाच्या नेहमीच्या विमोचकांच्या पातळीखालचा साठा आहे. त्यामुळे उन्हाळ्यात ‘उजनी मायनसमध्ये गेली’ असे सोलापूरकर म्हणतात तेव्हा पाणी केवळ कमी झालेले नसते, तर उरलेल्या उथळ आणि उष्ण पाण्यात शैवाल व सेंद्रिय द्रव्य यांचे प्रमाणही वाढलेले असते.

या काळात नळाच्या पाण्याला मातकट किंवा कुबट वास येऊ लागतो. तो बहुधा शैवाल व काही सूक्ष्मजीव यांच्यापासून तयार होणाऱ्या जिओस्मिनसारख्या द्रव्यांचा असतो आणि ही द्रव्ये स्वतः विषारी नसतात. मात्र काही जातींची नील-हरित शैवाले यकृताला अपाय करणारी मायक्रोसिस्टिन नावाची विषे तयार करतात आणि ही विषे पाणी उकळल्याने नष्ट होत नाहीत, म्हणून ऐन उन्हाळ्यात शुद्धीकरण केंद्रात येणाऱ्या कच्च्या पाण्यातील शैवालाची तपासणी नियमित व्हावी आणि तिचे निष्कर्ष जाहीर व्हावेत, ही नागरिकांची मागणी पूर्णपणे शास्त्राधारित ठरते. मातकट वास आणि गटाराचा वास यांतील फरक मात्र प्रत्येक घराने ओळखायला शिकले पाहिजे. पहिला वास संपूर्ण शहरात एकाच वेळी, आठवडेच्या आठवडे येतो. दुसरा एखाद्या बोळात, चार-सहा घरांपुरता, पाणी सुटताना येतो आणि पुष्कळदा काही मिनिटांत नाहीसाही होतो. धोका दुसऱ्या वासात अधिक आहे, आणि नेमका तोच दुर्लक्षिला जातो.

यामागचे कारण भौतिकशास्त्राचे आहे. जलवाहिनीत सतत दाब असेल तर तिच्या फटीतून पाणी बाहेर पडते, बाहेरचे आत येत नाही. परंतु चावीवाल्याने व्हॉल्व्ह बंद केल्यावर वाहिनी रिकामी होत जाते, तिच्यातील दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो आणि ज्या फटीतून काही तासांपूर्वी स्वच्छ पाणी गळत होते त्याच फटीतून भोवतालच्या मातीतील ओल आत शोषली जाते. जुन्या पेठांत घराची जोडणी पुष्कळदा गटाराला लागून किंवा गटाराखालून आलेली असते, त्यामुळे ही ओल निव्वळ मातीची राहत नाही. पुढच्या पाळीला पाणी सुटते तेव्हा आधी नळातून हवा फुसफुसत बाहेर येते, मग तांबूस, गढूळ पाण्याची पहिली बादली भरते, आणि त्या बादलीत बंद काळात वाहिनीत शिरलेले, साचलेले व आतल्या भिंतीवरून सुटलेले सारे काही असते. पाण्याचा दाब कमी म्हणून घरोघर मोटार लावली जाते तेव्हा हा दोष अधिक वाढतो, कारण मोटार पाणी ओढताना वाहिनीतील दाब आणखी खाली नेते आणि पाणी चालू असतानाही बाहेरची घाण आत खेचली जाण्याची परिस्थिती निर्माण करते. स्वतःच्या घरापुरती लावलेली मोटार अशा रीतीने बोळातील सर्वांच्या पाण्याचा प्रश्न होते.

या विषयावरील अत्यंत उपयुक्त संशोधन सोलापूरच्या शेजारच्या राज्यात, हुबळी-धारवाडमध्ये झाले आहे. तिथे काही प्रभागांत चोवीस तास पाणीपुरवठा सुरू झाला आणि उरलेल्या भागात काही दिवसांआडचा पुरवठा कायम राहिला, त्यामुळे एकाच शहरात, एकाच स्रोताच्या पाण्यावर दोन्ही पद्धतींची तुलना करणे शक्य झाले. एमिली कुंपेल आणि कॅरा नेल्सन या संशोधकांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सतत पुरवठ्याच्या नळांवरील एक टक्क्याहूनही कमी नमुन्यांत ई. कोलाय हा जिवाणू आढळला, तर आड-दिवसांच्या पुरवठ्याच्या नळांवर हे प्रमाण सुमारे ३२ टक्के होते. ई. कोलाय हा माणसाच्या व प्राण्यांच्या आतड्यात राहणारा जिवाणू असून त्याच्या बहुतेक जाती स्वतः निरुपद्रवी असतात. पण पाण्यात तो सापडणे म्हणजे त्या पाण्याचा मैल्याशी अलीकडेच संबंध आल्याचा पुरावा असतो, आणि म्हणून त्याला दर्शक जिवाणू म्हणतात. आयशे एर्कुमेन व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये त्याच शहरातील आजारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मुलांच्या एकूण अतिसारात दोन्ही भागांत ठळक फरक दिसला नाही. मात्र गरीब कुटुंबांतील मुलांच्या रक्तमिश्रित जुलाबांचे आणि घरांतील विषमज्वराचे प्रमाण सतत पुरवठ्याच्या भागात कमी आढळले. या दोन अभ्यासांचा एकत्रित अर्थ महत्त्वाचा आहे. नळ सुधारला की सर्व आजार थांबतात असे नाही, कारण घरातील साठवण, हात, अन्न आणि शौचालय हे मार्ग उरतातच. पण जे आजार थांबतात ते गंभीर असतात, आणि ज्यांच्याकडे गाळणयंत्र नाही त्यांच्या घरातले असतात.

नवी पेठेतील घरांनी पाण्याच्या दिवशी पाळावयाचा क्रम यावरूनच ठरतो. पाणी सुटल्यावर पहिली काही मिनिटे, ते दिसायला स्वच्छ असले तरीही, पिण्यासाठी भरू नये. ते अंगण, मोरी किंवा शौचालयासाठी बाजूला काढावे, म्हणजे वायाही जात नाही. पाणी स्वच्छ होऊन दाब स्थिर झाल्यावर पिण्याची भांडी आधी भरावीत आणि हौद व गच्चीवरील टाकी नंतर. जमिनीखालच्या हौदाचे झाकण जमिनीपासून उंच व घट्ट असावे, कारण पावसाळ्यात बोळातील पाणी हौदात उतरणे हा दूषित होण्याचा वेगळाच आणि सहज टाळता येण्याजोगा मार्ग आहे. मोटार अपरिहार्य असेल तर ती थेट नळाच्या जोडणीला न लावता, नळाचे पाणी आधी स्वतःच्या दाबाने हौदात पडू द्यावे आणि मग हौदातून वर चढवावे.

त्यानंतरची पायरी क्लोरीनची. शुद्धीकरण केंद्रात पाण्यात मिसळलेल्या क्लोरीनपैकी काही भाग पाण्यातील जंतू व सेंद्रिय द्रव्य यांच्यावर खर्च होतो आणि जो उरतो त्याला उर्वरित क्लोरीन म्हणतात. वाटेत शिरणाऱ्या जंतूंपासून पाण्याचे रक्षण करणारा तो एकमेव पहारेकरी असतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या मानकानुसार त्याचे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. ग्रामपंचायतींपासून महापालिकांपर्यंत सर्वत्र वापरली जाणारी ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडीन द्रावणाची चाचणी, याचसाठी आहे: लहान काचनळीत ठरलेल्या खुणेपर्यंत नळाचे पाणी घेऊन त्यात द्रावणाचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पाणी पिवळे होते आणि त्या पिवळेपणाची सोबतच्या रंगपट्टीशी तुलना करून प्रमाण वाचता येते. रंग लगेच, काही सेकंदांच्या आत वाचावा, कारण उशिरा वाढणारा पिवळेपणा प्रभावी मुक्त क्लोरीनचा नसून अमोनियाशी बांधल्या गेलेल्या क्लोरीनचा असू शकतो. ऑर्थोटोलिडीन आरोग्यास घातक असल्याने चाचणीचे पाणी मोरीत टाकावे, ते पुन्हा भांड्यात जाऊ देऊ नये आणि संच मुलांच्या हाती देऊ नये. गुलाबी रंग देणारी डीपीडी चाचणी थोडी महाग असली तरी अधिक अचूक व सुरक्षित असते, आणि महाविद्यालयीन प्रकल्पासाठी तीच निवडावी.

ही चाचणी फक्त नळावर करून थांबणे पुरेसे नाही. पाच दिवसांचे पाणी साठवणाऱ्या घरात पहिल्या दिवशी असलेला क्लोरीन पुढच्या दिवसांत उडून वा खर्च होऊन जातो, आणि शेवटच्या दिवसाचे पाणी पूर्णपणे बिनसंरक्षण असते. म्हणून तीच चाचणी साठवणीच्या शेवटच्या दिवशी पिण्याच्या भांड्यातील पाण्यावरही करून पाहावी. क्लोरीन आढळला नाही तर मेडिक्लोरसारखे क्लोरीनचे द्रावण बाटलीवरील सूचनेप्रमाणे घालून अर्धा तास थांबावे, किंवा पाण्याला खळखळून उकळी आणून ती किमान एक मिनिट तशीच ठेवावी. हौदासाठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, वापरायची असेल तर हिशोब सोपा आहे: सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ताजी पावडर ५ ग्रॅम घेतली तर १,००० लिटर पाण्यात लिटरमागे सुमारे दीड मिलिग्रॅम क्लोरीन मिसळतो. पावडर आधी बादलीभर पाण्यात कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणीच हौदात ओतावे. उघड्या पुड्यातील जुनी टीसीएल निकामी झालेली असते, तिचा वास जवळजवळ गेलेला असतो आणि तिच्यावर विसंबणे हे काहीच न घालण्यापेक्षा वाईट, कारण घरच्यांना उगाच निर्धास्त करते. गढूळ पाण्यात कोणताही क्लोरीन नीट काम करत नाही. म्हणून आधी तुरटी फिरवून पाणी निवळू द्यावे आणि मगच क्लोरीन घालावा.

पिण्याचे भांडे अरुंद तोंडाचे, झाकणाचे आणि शक्य तर तोटीचे असावे. माठात किंवा पिंपात हात न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढणे ही जुन्या घरांतील रीत शास्त्राच्या कसोटीवर पूर्ण उतरणारी आहे. साठवणीचा आणखी एक धोका डेंग्यूचा आहे, कारण तो पसरवणारा एडिस डास घरातील स्वच्छ, साठलेल्या पाण्यातच अंडी घालतो. म्हणून आठवड्यातून एकदा कोरडा दिवस पाळून सर्व भांडी रिकामी करावीत आणि कडा घासाव्यात, कारण अंडी पाण्याच्या पातळीलगत भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि पाणी नुसते ओतून दिल्याने जात नाहीत.

आता दुसरा प्रश्न, आजाराच्या दिवसाचा. दूषित पाणी पोटात गेल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतच्या काळाला उबवणकाळ म्हणतात आणि तो रोगागणिक फार वेगळा असतो. नोरोव्हायरसमुळे होणाऱ्या उलट्या-जुलाबांना साधारण १२ ते ४८ तास लागतात. पटकीला, म्हणजे कॉलऱ्याला, काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत. कॅम्पिलोबॅक्टर जिवाणूच्या जुलाबांना बहुधा दोन ते पाच दिवस. विषमज्वराला बहुधा एक ते तीन आठवडे. हेपॅटायटिस ए या काविळीला सरासरी चार आठवडे. आणि हेपॅटायटिस ई या काविळीला दोन ते दहा आठवडे. याचा व्यावहारिक परिणाम असा की बोळात काविळीचे रुग्ण दिसू लागल्यावर घाईने घेतलेला पाण्याचा नमुना पुष्कळदा शुद्ध निघतो, मग ‘पाणी चांगले आहे’ असे जाहीर होते आणि लोकांचा प्रयोगशाळेवरचाच विश्वास उडतो. वास्तविक अहवालही खरा असतो आणि संशयही. नमुना आजच्या पाण्याचा असतो आणि आजार महिन्यापूर्वीच्या पाण्याचा.

दिल्लीतील १९५५-५६ च्या साथीत हे अंतर अतिशय स्पष्ट दिसले. यमुनेच्या पुरानंतर वजिराबादच्या जलउपसा केंद्रात नोव्हेंबरच्या मध्याला सुमारे आठवडाभर सांडपाणी शिरत राहिले. क्लोरीनचे प्रमाण वाढवल्यामुळे विषमज्वरासारखे जिवाणूजन्य रोग फारसे वाढले नाहीत, परंतु विषाणू त्यातून निसटले आणि डिसेंबर-जानेवारीत सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांच्या तपासणीवरून ही साथ आज ज्याला हेपॅटायटिस ई म्हणतात त्याची असल्याचे मानले गेले. हा रोग गर्भवती स्त्रियांत विशेष घातक ठरतो. महाराष्ट्रात इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. ते गावही सोलापूरप्रमाणेच यंत्रमागांचे आणि दाट वस्तीचे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटून हातपाय लुळे पडण्याच्या विकाराचे, रुग्ण अचानक वाढले आणि पुढे संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस आढळले. हा विकार जुलाब होऊन गेल्यावर एक ते तीन आठवड्यांनी उद्भवू शकतो, म्हणजे पाणी, जुलाब आणि लकवा अशी तीन टप्प्यांची साखळी असते आणि पहिला टप्पा शोधायचा तर जवळजवळ महिनाभर मागे जावे लागते. या साथीतील एका संशयित रुग्णाचा मृत्यू सोलापुरात झाल्याने हा प्रश्न पुण्यापुरता नाही, हे इथल्या लोकांनाही जाणवले.

म्हणूनच प्रत्येक इमारतीत किंवा बोळात एक साधी वही ठेवणे हे रहिवाशांच्या हातातील सर्वांत शास्त्रीय साधन ठरते. तिच्यात पाणी सुटल्याची तारीख व वेळ, पहिल्या पाण्याचा रंग व वास, क्लोरीन चाचणीचा आकडा, जवळपास झालेले खोदकाम किंवा तुंबलेले गटार, आणि कोणाच्या घरी जुलाब, ताप किंवा कावीळ झाली त्याची तारीख एवढेच लिहायचे. रुग्णाचे नाव लिहिण्याची गरज नाही. घराचा क्रमांक, वय आणि पाण्याचा स्रोत पुरे. आजाराच्या तारखेतून उबवणकाळ वजा केला की वहीतील कोणत्या पाळीकडे संशयाने पाहायचे ते कळते, आणि ती पाळी जर गढूळ पाण्याची, शून्य क्लोरीनची व शेजारी रस्ता खणलेला असतानाची निघाली, तर तपासणाऱ्या अधिकाऱ्याचे निम्मे काम झालेले असते. विद्यार्थ्यांनी याच माहितीवरून बोळाचा नकाशा हाताने काढून त्यावर जलवाहिनी, व्हॉल्व्ह, गटार आणि आजारी घरे वेगवेगळ्या रंगांत दाखवावीत. शास्त्रज्ञ ज्याला साथरोगाचा बिंदुनकाशा म्हणतात तो हाच. त्यात आजारी न पडलेल्या घरांची चौकशी तितक्याच काटेकोरपणे करावी, कारण दोन्ही प्रकारच्या घरांनी एकच पाणी प्यायले असेल तर दोष नळाचा नसून लग्नाच्या जेवणाचा, बर्फाचा किंवा एखाद्या गाड्याचा असू शकतो.

प्रयोगशाळेत द्यावयाचा नमुना चुकीच्या रीतीने घेतला तर सारी मेहनत फुकट जाते. जिवाणू तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी आणि तिच्यात सोडियम थायोसल्फेट घातलेले असल्याची खात्री करून घ्यावी. हे रसायन पाण्यातील क्लोरीन निष्प्रभ करते, अन्यथा वाटेतच क्लोरीन जंतू मारत राहतो आणि नळावर जे होते ते अहवालात दिसत नाही. नळाला जोडलेली रबरी नळी व जाळी काढावी, तोंड स्वच्छ पुसून स्पिरिटने निर्जंतुक करावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे आणि मग झाकणाच्या आतील बाजूला किंवा बाटलीच्या कडेला बोट न लावता, वर थोडी हवा राहील इतकी बाटली भरावी. बाटली पाण्याने विसळू नये, कारण आतले रसायन धुऊन जाते. नमुना बर्फाच्या डब्यात, पण न गोठवता ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत आणि कोणत्याही परिस्थितीत चोवीस तासांच्या आत पोहोचवावा. सोलापूरच्या मे महिन्यात दुचाकीच्या डिकीत दोन तास ठेवलेला नमुना सरळ टाकून द्यावा. गळतीचा संशय असेल तर पाणी सुटताच पहिल्या मिनिटाचा एक आणि अर्ध्या तासानंतरचा एक असे दोन नमुने घेऊन त्यांच्यावर वेळ स्पष्ट लिहावी. पहिला दूषित व दुसरा शुद्ध निघाल्यास बंद काळात वाहिनीत घाण शिरत असल्याचे दिसते; दोन्ही दूषित निघाल्यास दोष अधिक वरच्या बाजूला शोधावा लागतो. प्राथमिक चाळणीसाठी के. एस. मांजा व सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये भारतातच विकसित केलेली हायड्रोजन सल्फाइडची बाटली उपयोगी पडते: तीत पाणी भरून एक-दोन दिवस उबदार जागी ठेवल्यावर ते काळे पडले तर मैल्याच्या संसर्गाचा संशय धरावा. ही चाचणी निर्णायक नसली तरी स्वस्त असल्याने एका बोळातील वीस नळ एकाच दिवशी तपासता येतात आणि एका महागड्या अहवालापेक्षा अशी तपासणी कधीकधी अधिक सांगून जाते.

अहवाल वाचताना क्रम लक्षात ठेवावा. शंभर मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय शून्यच असला पाहिजे, येथे थोडीफार सवलत नाही. त्यानंतर गढूळपणा पाहावा. तो शक्यतो १ एनटीयूपर्यंत आणि दुसरा स्रोत नसेल तर फार तर ५ पर्यंत चालतो. बोअरचे पाणी पिण्यात असेल तर नायट्रेट तपासणे अत्यावश्यक आहे. ते लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असणे हे दाट वस्तीत बहुधा भूजलात सांडपाणी मुरत असल्याचे लक्षण असते, सहा महिन्यांखालील बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती ते कमी करते, आणि पाणी उकळल्याने ते जाण्याऐवजी पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. बाळाच्या दुधात असे पाणी कधीही वापरू नये. दख्खनच्या काळ्या पाषाणातील बोअरचे पाणी जड असते, भांड्यांवर पांढरे डाग पडतात, डाळ शिजत नाही; हा त्रास खरा असला तरी तो प्रामुख्याने गैरसोयीचा आहे. याउलट बाजारात मिळणारा टीडीएस मीटर केवळ विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो आणि जंतूंविषयी एक अक्षरही सांगत नाही. त्याच्यावर आकडा कमी दिसला म्हणून पाणी निर्धोक समजणे हा आज घराघरांत आणि दुकानादुकानांत रूढ झालेला घातक गैरसमज आहे.

बाजारपेठेतील दुकानांत प्यायल्या जाणाऱ्या जारच्या पाण्याला हेच लागू होते. आरओ यंत्र क्षारांबरोबर क्लोरीनही काढून टाकते, त्यामुळे असे थंडगार पाणी न धुतलेल्या जारमध्ये भरले तर त्यातील जंतूंना अडवणारे काहीच उरत नाही. सीलबंद बाटलीला २०२४ पर्यंत भारतीय मानक चिन्ह सक्तीचे होते; परवाना आजही लागतो. सुट्या जारवर यांपैकी काहीच बहुधा नसते, म्हणून दुकानदारांनी पुरवठादाराकडून जिवाणू तपासणीचा अलीकडचा अहवाल मागावा, जारची तोटी आठवड्याला क्लोरीनच्या पाण्याने धुवावी आणि गिऱ्हाइकासाठी एकच पेला जारवर पालथा घालून ठेवण्याची सवय सोडावी. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत आणि उन्हाळ्यात बर्फाकडेही लक्ष द्यावे. खाण्यायोग्य नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून लागू आहे; निळसर बर्फ सरबतात, उसाच्या रसात किंवा गोळ्यात दिसला तर ते पेय घेऊ नये आणि अन्न व औषध प्रशासनाला कळवावे.

घरात जुलाब सुरू झाल्यास कारण शोधण्याआधी जलसंजीवनी सुरू करावी. तिचे पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते घोटाघोटाने द्यावे. लघवी बंद होणे, सुस्ती, रक्ताचे जुलाब, डोळे पिवळे होणे, किंवा जुलाबानंतर काही दिवसांनी पायांत मुंग्या व अशक्तपणा येऊन तो वर चढत जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांवर वेळ न घालवता रुग्णालयात जावे, आणि गर्भवती स्त्रीला कावीळ दिसल्यास त्याच दिवशी. डॉक्टरांना पाण्याची वही दाखवावी. एकाच आठवड्यात एका बोळातून दोन-तीन घरांत सारखा आजार झाल्यास महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राला कळवावे, कारण साथरोग सर्वेक्षण यंत्रणा अशा नोंदींवरच चालते आणि खासगी दवाखान्यात बरे झालेले रुग्ण तिच्या दृष्टीला पुष्कळदा पडतच नाहीत.

तक्रार पाणीपुरवठा आणि आरोग्य अशा दोन्ही विभागांकडे एकाच वेळी, लेखी द्यावी व पोच घ्यावी. ‘पाणी खराब येते’ एवढ्या वाक्यावर अभियंता काही करू शकत नाही. मात्र कोणत्या तारखेपासून, कोणत्या घरापासून कोणत्या घरापर्यंत, पाणी सुटल्यानंतर किती मिनिटे, आणि क्लोरीनचा आकडा किती, ही माहिती दिली तर रस्त्याचा नेमका कोणता तुकडा खणायचा ते त्याला ठरवता येते. दुरुस्ती झाल्यावर वाहिनी क्लोरीनयुक्त पाण्याने धुऊन घेण्याचा आग्रह धरावा, पुढच्या दोन पाळ्यांना पहिल्या मिनिटाचा नमुना पुन्हा तपासून घ्यावा, आणि दोन्ही अहवाल शुद्ध येईपर्यंत त्या बोळातील घरांनी पिण्याचे पाणी उकळणे थांबवू नये.